आधी अधिक, मग उणे

१२ सप्टेंबर १९५९, शनिवार

बाबुरावशेठनी मला उसना दिला. शेजारणीला वाटीभर साखर द्यावी तसा.

गिरगावात त्यांचं लाउडस्पीकरचं दुकान. तिथे मी बॅटऱ्या चार्ज करतो. संयुक्त महाराष्ट्राची सभा शिवाजी पार्कात असो, कामगार मैदानात असो की चौपाटीवर, भोंगे शेठचे आणि त्या भोंग्यांना जागं ठेवायचं काम माझं. भाषण मध्येच बसलं की पब्लिक पुढाऱ्याकडे नाही, माझ्याकडे वळून बघतं. तर दादरला शास्त्र संशोधनाची एक संस्था आहे, तिथे दोन बॅटऱ्या सांभाळायला माणूस हवा होता. शेठ म्हणाले, "जा राजाराम. नाहीतरी तुझा पाय एका जागी ठरत नाही. बेकरी सोडलीस, गोदी सोडलीस, छापखाना सोडलास. आता शिकलेल्यांत बसून बघ. पळून आलास तर दुकान आहेच."

गेलो. खोलीत दोघंच. हेरंबराव हे मोठे साहेब, चष्म्यावरून बघतात, विलायतेला जाऊन आलेत. दुसऱ्या मृणालिनीबाई, माझ्याहून फार तर सात-आठ वर्षांनी मोठ्या. हातात सोल्डरिंगची तापती सळई आणि पदर कमरेला खोचलेला. दोघं मिळून गणकयंत्र बनवतायत. माणूस डोकं खाजवेपर्यंत बेरीज करून मोकळं होणारं.

मला वाटलं कपाटाएवढं असेल. आहे जेवायच्या पाटाएवढं. त्यावर उभ्या पट्ट्या, पट्ट्यांवर वालाच्या दाण्याएवढे काळे दाणे, प्रत्येकाला तारेचे तीन पाय. त्यांना ट्रान्झिस्टर म्हणतात. समोर बारक्या दिव्यांची ओळ. सगळं मिळून वीज खातं सायकलच्या दिव्याएवढी.

मी म्हणालो, "एवढंच?"

हेरंबराव म्हणाले, "बाहेरच्या देशात याला अख्खी खोली लागते, आणि ती खोली भट्टीसारखी तापते. एवढंच असावं आणि थंड असावं, म्हणून तर ही खटपट."

भोंग्याच्या मानाने हे काम म्हणजे आराम. आठवड्यात कंटाळणार मी.

१५ सप्टेंबर

आज माझी अक्कल निघाली.

दोन बॅटऱ्या, सहा-सहा व्होल्टच्या. मी दुकानातल्यासारख्या एकीला एक जोडून बारा व्होल्ट काढून दिले आणि हात झटकले. मृणालिनीबाई म्हणाल्या, "जोडणी बरोबर आहे, पण यंत्राला बारा नकोत. सहा वर आणि सहा खाली हवेत."

"खाली म्हणजे कशाच्या?"

"शून्याच्या."

"शून्याच्या खाली काय असणार बाई? हंडा रिकामा झाला की खाली जमीन."

त्या हसल्या नाहीत. विचारात पडल्या. मग विचारलं, "तू राहतोस कुठे?"

"परळला. मामाकडे. चाळीत दुसऱ्या माळ्यावर."

"बरं. समजा तुमचा माळा म्हणजे शून्य. मग वरच्या माळ्यावर कोण?"

"राधाबाई."

"त्या अधिक एक. आणि तळमजला?"

"उणे दोन? त्यांना नका सांगू बाई. आधीच नळावरून भांडण आहे."

आता हसल्या. मग बोटाने दाखवलं. दोन बॅटऱ्या जिथे एकमेकींना जोडल्यात, तिथूनच तिसरी तार काढायची. ती आपला माळा, ती शून्य. पहिलीचं वरचं टोक अधिक सहा, दुसरीचं खालचं टोक उणे सहा. बॅटरी तीच, तारा त्याच, फक्त आपण कुठे उभं राहून मोजतो ते बदललं. इतके दिवस मी वजा म्हणजे परतीची तार धरून चाललो होतो. ती आपली मुकाट्याने मागे जाणारी. इथे तर तीच कामाची निघाली.

मी विचारलं, "मग नुसतं उणे द्या ना. अधिक कशाला?"

"हे दाणे उण्याच्या जोरावर काम करतात. पण ज्याला सांगितलं नाही त्याला गप्प बसावं लागतं, आणि अधिक त्यांना गप्प बसवतं. अधिक नसेल तर सगळे एकदम उठतात. तापतात. तापले की आणखी उठतात, आणखी तापतात, आणि मरतात."

"म्हणजे भोंगा बंद पडल्यावर सभेतलं पब्लिक."

"अगदी तेच," बाई म्हणाल्या.

म्हणून इथला नियम असा. चालू करताना आधी अधिक, मग उणे. बंद करताना आधी उणे, मग अधिक. भिंतीवर दोन बटणं आहेत आणि ती दाबायचं काम माझं. चौथी नापास माणसाच्या हाती.

२४ सप्टेंबर

पाच आणि नऊची बेरीज केली. यंत्राने, मी नाही. दिव्यांची भाषा वेगळी आहे, कुठला दिवा म्हणजे किती ते बाईंनी शिकवलं. आठचा लागला, चारचा लागला, दोनचा लागला. चौदा! मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की शिपाई दगडू झाडू घेऊन धावत आला, त्याला वाटलं मला शॉक लागला.

हेरंबराव म्हणाले, "पाच आणि नऊ चौदा होतात हे तुला ठाऊक नव्हतं का?"

मला होतं. दाण्यांना होतं हे ठाऊक नव्हतं.

३ ऑक्टोबर, शनिवार

आज थोडक्यात वाचलो. दगडूने झाडताना बॅटऱ्यांच्या खुंट्यांना लावलेले तारांचे चिमटे काढून ठेवले होते. मी घाईत लावायला गेलो आणि अधिकचा चिमटा उण्याच्या खुंटीपर्यंत नेला. बाई ओरडल्या म्हणून हात थांबला.

आमच्या दुकानात असं कधी होत नाही, कारण तिथे खूण असते. पोरांना वाचता येत नाही, म्हणून शेठ अधिकच्या खुंटीला जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर लावतात. लांबून दिसतो, पावसात धुपत नाही. संध्याकाळी शेंदूर आणला, घरी वाटीत कालवायला बसलो, तर मामी उभी राहिली.

"हे काय रे? दीक्षा घेतली ना आपण? देवदेव सोडले ना? आणि तू माझ्या वाटीत शेंदूर कालवतोस?"

"मामी, देव नाही गं. खूण आहे. बॅटरीची."

"म्हसोबाला पण खूण म्हणूनच लावला असेल पहिल्यांदा कुणीतरी."

भिवामामा भाकरी खाता खाता म्हणाला, "कमळे, पोरगं महिनाभर एका नोकरीवर टिकलंय. त्याला काय फासायचं ते फासू दे."

वाटी मात्र मामीने राखेने घासून घेतली, दोनदा.

१७ ऑक्टोबर, शनिवार

सगळं जळालं.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर बॅटऱ्या भरून आणल्या, लावल्या. आधी अधिकचं बटण दाबलं. मग उणे. देवाशपथ लिहिणार होतो, पण देव सोडले, तेव्हा आईशपथ लिहितो. आधी अधिकच दाबलं. दिवे सगळेच्या सगळे लागले. मला वाटलं काय झकास उजेड पडलाय. बाईंनी एका दाण्याला बोट लावलं आणि चटका बसून हात मागे घेतला. "बंद! बंद कर!" मी बंद केलं, पण तोवर झालं होतं. वासही आला नाही, धूरही नाही. गपचूप मेले.

हेरंबराव खुर्चीत बसले. चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "क्रम चुकवलास."

"नाही साहेब."

"अधिक नसल्याशिवाय असं होत नाही. याचा अर्थ तू ते दिलं नाहीस."

"दिलं साहेब."

"राजाराम, माझ्याकडे आता दाण्यांचा एकच संच उरलाय. परकीय चलनासाठी वर्षभर अर्ज केले तेव्हा आले ते. डिसेंबरात दिल्लीहून तपासणी मंडळ येणार. यंत्र चालताना दिसलं तर काम पुढे चालेल, नाहीतर खोलीला कुलूप. मी पुन्हा धोका घेऊ शकत नाही. तू तुझ्या दुकानात जा."

बाई मध्ये पडल्या. "सर, मला कारण हवंय. माणूस घालवून कारण जात नाही."

"कारण समोर उभं आहे," ते म्हणाले.

मी चप्पल घातली आणि निघालो. आजवर एवढी कामं सोडली. दर वेळी मी सोडली होती. हे पहिलंच काम की ज्याने मला सोडलं, आणि हेच सोडायचं नव्हतं.

२० ऑक्टोबर

दुकानात. शेठनी नुसतं पाण्याचं भांडं पुढे केलं. त्याचाच जास्त राग आला.

२३ ऑक्टोबर

आज कामगार मैदानात सभा. भोंगे बांधले. शेठ स्वतः बॅटऱ्या लावायला बसले आणि मी नुसता बघत उभा. काम नसलं की माणूस बघतो. शेठनी शेंदूर लावलेल्या खुंटीवर तारेचं कडं चढवलं, आणि नट आवळायच्या आधी कडं डावीकडे-उजवीकडे करकर फिरवलं. दरवेळी फिरवतात. मीही फिरवतो. सगळी पोरं फिरवतात. का फिरवतो हे कुणी कधी विचारलं नाही.

मी विचारलं, "शेठ, हे करकर कशाला?"

"अरे, शेंदूर कापायला. खालच्या शिशाला कडं भिडलं पाहिजे ना. तेलातला शेंदूर वाळला की लाकडासारखा, वीज जाते होय त्यातून?"

माझ्या पायाखालचं मैदान हललं. संस्थेत कडं नाही, नट नाही. स्प्रिंगचा हलका चिमटा आहे, कारण वीजच तेवढी कमी लागते. दुकानातला शेंदूर मी तिकडे नेला, पण करकर इकडेच राहिली. शेंदूर ओला होता तेव्हा चिमट्याचे दात आत रुतले आणि सुट्टीपर्यंत चाललं. सुट्टीत तो वाळला, आणि मी परत चिमटा लावला तो वाळक्या शेंदरावर. बटण मी दाबलं होतं, आधीच दाबलं होतं. पण अधिक यंत्रापर्यंत गेलंच नव्हतं.

मी निघालो. शेठ मागून ओरडले, "अरे सभा! भोंगे कोण सांभाळणार?"

"तुम्ही!" म्हणालो. मालकाला असं कुणी बोलतं का? पण शेठ हसत होते असं नंतर एक पोरगा सांगत होता. त्यांना कशाचं हसू आलं कोण जाणे.

परळहून दादरपर्यंत पळत गेलो. बाई निघायच्या बेतात होत्या. मीटर लावला. खुंटीचं शिसं आणि चिमटा यांच्यामध्ये काटा हलेचना. चाकूने शेंदूर खरवडला, परत लावला. काटा टोकाला.

हेरंबराव आले. त्यांनी खुंटी पाहिली, बोटाला लागलेला रंग पाहिला.

"शेंदूर?" ते म्हणाले. "माझ्या यंत्राला तू शेंदूर फासलास?"

"यंत्राला नाही साहेब. बॅटरीला."

बाईंनी तोंडाला पदर लावला. हेरंबराव खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. फार चिडले असणार.

मग वळून म्हणाले, "मी तुला खोटं ठरवलं. ते चुकलं. पण आता नीट ऐक. आज शेंदूर होता. उद्या गंज असेल, परवा दगडूचा झाडू. तार सुटायला शंभर वाटा आहेत. खरवडून भागत नाही. अधिक गेलं की उणे आपसूक गेलं पाहिजे, माणसाने बटणाकडे धावण्याआधी. ते जमल्याशिवाय शेवटचा संच मी पट्टीवर चढवणार नाही."

"मी येऊ का उद्यापासून?"

"आज कोण जा म्हणालं?"

१ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी चालू आहे बाहेर. आमच्याकडे फराळ शेजारचा.

भिवामामा मिलमध्ये सूत कातायच्या बाजूला आहे, ड्रॉइंग खात्यात. विणायच्या खात्यात आपल्या लोकांना घेत नाहीत, तिथे धागा तोंडाने ओढावा लागतो, त्यांना विटाळ होतो म्हणून. मामा ते कधी रागाने बोलत नाही, हवापाण्यासारखं बोलतो. मला मात्र राग येतो. असो.

मी त्याला माझं दुखणं सांगत होतो. अधिक गेलं हे उण्याला कळणार कसं? त्याच्याजवळ माणूस बसवला तरी माणूस डुलकी घेतो.

मामा म्हणाला, "आमच्याकडे पेळू तुटला की मशीन उभं राहतं. कुणी सांगावं लागत नाही."

"कसं?"

"मामी, पळी दे गं." मामीला तो गमतीत मामीच म्हणतो. त्याने पळी तव्याच्या कडेवर आडवी तोलली. "हा आमचा चमचा. एका टोकाला वजन. दुसऱ्या टोकावरून कापसाचा पेळू जातो, म्हणजे वळण्याआधीची जाड वात. पेळू आहे तोवर त्याच्या दाबाने हे टोक खाली. पेळू तुटला, दाब गेला, चमचा उलटला. उलटला की खाली दांडा अडतो, मशीन बंद."

"म्हणजे पेळूवर नजर ठेवायला कुणी नाही?"

"पेळूच आपल्या हाताने मशीन चालू धरतो. गेला की हात सुटला."

मी पळी हातात घेऊन बसलो. मामी म्हणाली, "आता हिला पण शेंदूर लावू नको म्हणजे मिळवलं."

३ नोव्हेंबर

चोरबाजारातून टेलिफोनची जुनी रिले आणली. तारेचं वेटोळं आणि समोर लोखंडी पट्टी. वेटोळ्यात वीज असली की पट्टी ओढली जाते, टक. गेली की सुटते, टक. हाच मामाचा चमचा. वेटोळ्याला वीज अधिकची द्यायची, आणि उण्याची तार पट्टीच्या टोकावरून न्यायची. अधिक असेल तोवरच उणे जोडलेलं. क्रमही आपोआप आला: अधिक आल्याशिवाय उणे येऊच शकत नाही!

बाईंना पळीसकट समजावलं (पळी घरून नेली होती). त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाटीवर भराभर काढत गेल्या. "राजाराम, हे जमेल." त्यांचा आवाज बदलला होता. सर्दी असेल.

९ नोव्हेंबर

जमलं नाही. ही रिले एकटीच यंत्राच्या चौपट वीज खाते. पहारेकरी मालकापेक्षा जास्त जेवतो. बॅटरी दुपारपर्यंत बसली.

बाई म्हणाल्या, बारीक तारेचं, जास्त वेढ्यांचं वेटोळं हवं, मग थोड्या विजेत तेवढाच ओढा मिळेल. तसलं बाजारात मिळेना. म्हणून आम्हीच गुंडाळतोय. बाई वेढे मोजतात आणि मी फिरवतो. मध्ये दगडूने चहा आणला आणि "किती झाले?" असं विचारलं. बाई त्याला उत्तर देऊन बसल्या आणि मोजणी विसरल्या. सगळं उलगडून पहिल्यापासून. दगडूला आता चहा दाराबाहेर ठेवायची सक्त ताकीद आहे.

१८ नोव्हेंबर

नवी रिले चालली. खाते कमी, ओढते छान. मी हेरंबरावांना दाखवली. बॅटरीवरचा चिमटा काढला, टक, उणे गेलं. छाती काढून उभा राहिलो.

त्यांनी चष्मा वर केला. वाकून, यंत्राच्या टोकाला जिथे अधिकची तार पट्टीवर शिरते तिथली तार त्यांनी अलगद उपटली.

टक नाही. रिले मजेत बसलेली. उणे चालूच.

"तुझा पहारेकरी बॅटरीच्या दारात उभा आहे," ते म्हणाले. "चोर आला यंत्राच्या दाराने. आता?"

मेलोच मी. खरे दाणे असते तर सगळे गेले असते. मी म्हणालो, "वेटोळ्याची तार यंत्राच्या शेवटच्या टोकावरून आणायला हवी. अधिक सगळं यंत्र फिरून आलं, की मग रिलेत."

"बस," ते म्हणाले. "हेच विचारायचं होतं."

मला उगाच वाटलं होतं की त्यांना रिलेतलं कळत नाही. कळतं, आणि माझ्याहून दोन घरं पुढचं कळतं. बरं वाटलं. का ते माहीत नाही.

५ डिसेंबर, शनिवार

गावभर एकच बोलणं. दिल्लीने मान डोलावली, द्वैभाषिक मोडणार, मुंबई आपल्याला मिळणार. शेठनी दुकानाबाहेर भोंगा लावून ठेवलाय आणि रस्त्यातला कुणीही येऊन त्यात ओरडतोय. मी पण ओरडून आलो. घसा बसला.

बाईंनी शेवटचा संच पट्टीवर चढवायला घेतला. एकेक दाणा. सोल्डर करताना पाय पक्कडीत धरायचा, म्हणजे धग वरपर्यंत जात नाही. पक्कड धरायला मी. श्वास सोडायचा नाही.

६ डिसेंबर

मामा-मामीबरोबर सकाळी दादरच्या चौपाटीवर जाऊन आलो. तिसरं वर्ष. मेणबत्ती लावली. मामी म्हणाली, "काय मागितलंस?" मी म्हणालो, "इथे मागायचं नसतं ना." ती म्हणाली, "ते खरं. पण यंत्र चालू दे म्हणाले मी."

१५ डिसेंबर, मंगळवार

जेवून हात धुतले आणि लिहायला बसलो.

तपासणी मंडळ आलं. तिघं. मधले म्हातारे होते, कोट, कानातून केस. त्यांचं नाव रघुवीर सहाय असं काहीतरी. फार बोलत नाहीत, दुसरे दोघं त्यांच्या तोंडाकडे बघतात. हेरंबरावांनी इंग्रजीत सगळं सांगितलं. मी भिंतीजवळ, दोन बटणांपाशी. इस्त्रीचा शर्ट, मामाचा.

बाईंनी मान हलवली. अधिक दाबलं. टक. उणे दाबलं. दिवे आले, बरोबर तेच आले जे यायचे. बेरीज दाखवली. मग वजाबाकी. मग पाहुण्यांनी आकडे दिले, बाईंनी यंत्रावरची आकड्यांची बटणं लावली, दिवे लागले, बरोबर. दोघं खूश दिसले. म्हाताऱ्यांनी मात्र कानातला केस ओढला आणि हिंदीत विचारलं. कदाचित मला कळावं म्हणून.

"सुना है पूरा सेट जल गया था. फिर नहीं जलेगा, इसका क्या भरोसा?"

हेरंबरावांच्या कपाळावर घाम. ते सांगू लागले, सर्किट असं, रिले तशी, कागद काढले, कागद हातातून पडले. म्हातारे ऐकत होते, पण त्यांचे डोळे मिटायला लागले होते. त्यांना जे सांगत होते ते खरं होतं, पण सांगून कुणाला पटतं का? सभेत पुढारी कितीही सांगो, भोंगा वाजला तर ऐकू येतं.

मला कुणी सांगितलं नाही. मी दोन पावलं पुढे गेलो आणि यंत्राच्या पट्टीवर शिरणारी अधिकची तार धरून उपटली.

हेरंबराव ओरडले, "अरे!" आवाज असा की दगडू दारात आला.

टक.

सगळे दिवे गेले. खोलीत काळोख नव्हता, दुपार होती, पण मला काळोखच वाटला. शेवटचा संच. देशात दुसरा नाही. मी काय केलं?

बाई पुढे झाल्या. एका दाण्यावर बोट ठेवलं. दुसऱ्यावर. तिसऱ्यावर. मग म्हाताऱ्यांचा हात धरला, खरंच मनगटाला धरला, आणि त्यांचं बोट दाण्यावर टेकवलं.

"ठंडा," म्हातारे म्हणाले.

"सगळे थंड," बाई म्हणाल्या मराठीतच.

मी तार परत लावली. टक. दिवे आले. म्हाताऱ्यांनी स्वतः आकडे दिले, सतरा आणि सव्वीस. लागला बत्तीसचा, लागला आठचा, लागला दोनचा, लागला एकचा. त्रेचाळीस! मी मनातल्या मनात ओरडायचं ठरवलं होतं. जमलं नाही. बाई पण ओरडल्या. दगडू तर कारण न कळता ओरडला.

मग म्हाताऱ्यांना खेळच सापडला. "फिर निकालो." काढली, टक. "लगाओ." लावली, टक. पाच-सहा वेळा. दर वेळी दाण्याला बोट लावून बघायचे आणि पोरासारखे हसायचे. शेवटी तार त्यांनीच उपटली, बॅटरीकडची. टक. तरीही थंड.

जाताना त्यांनी मला विचारलं, "कितना पढ़े हो?"

"चौथी फेल, साब."

"हूं. और तार खींचने को किसने कहा?"

"किसी ने नहीं, साब."

ते हेरंबरावांकडे वळून इंग्रजीत काही बोलले. हेरंबरावांचा चेहरा आधी लाल झाला, मग एकदम उजळला. मंडळी गेल्यावर ते म्हणाले, "काम चालू राहणार. मोठं यंत्र करायचं म्हणतात. दाणे हवे तेवढे मागा म्हणाले." मग माझ्याकडे बोट केलं. "आणि तू. तुला मी आज इथेच गाडलं असतं."

"हो साहेब."

"पुन्हा असं केलंस तर," ते म्हणाले, आणि वाक्य तिथेच सोडून माझ्या पाठीवर एक जोरदार थाप मारली. अजून दुखतेय.

मामाला सांगितलं तेव्हा त्याने आधी चुलीजवळची पळी उचलून पाहिली. मग म्हणाला, "आमच्या खात्यातला चमचा दिल्लीवाल्यांनी पाहिला म्हणायचा." रात्री मामीने गोडाचं केलं. राधाबाई वरून विचारायला आल्या, कुणाचं लग्न ठरलं का.

१६ डिसेंबर, बुधवार

सकाळी उशीर झाला. उड्या मारतच गेलो. बाई टेबलाशी होत्या, हेरंबराव भिंतीजवळ उभे. दोन्ही बटणं त्यांच्या हातापाशी. यंत्र बंदच. नऊ वाजून गेलेले आणि अजून कुणी चालू केलं नव्हतं.

"ये," ते म्हणाले. "तुझीच वाट बघत होतो. काय ते, आधी अधिक ना?"

एवढा शिकलेला माणूस, तीन महिने रोज बघतोय, तरी क्रम लक्षात राहत नाही. बाई खाली मान घालून हसत होत्या, त्यांनाही नवल वाटलं असणार. मी म्हणालो, "हो साहेब. आधी अधिक, मग उणे. सोडा, मी लावतो."

ते बाजूला झाले. मी लावलं.